उपाशी वाकळ

१

वाकळ चोरीला गेली असं यल्लव्वा म्हणत होती, आणि वाकळ तिच्यासमोर टेबलावर पसरलेली होती.

तक्रारीत एवढी एकच अडचण होती.

हे चाललं होतं निपाणीतल्या एका जुन्या तंबाखूच्या वखारीत. वखारीतला तंबाखू कधीच गेला होता, वास मात्र राहिला होता. बेळगुंदीची ऋतिका बंगळुरात डिझाइन शिकून आली आणि तिनं इथं ‘वाकळघर’ काढलं. पूर्वी विड्या वळणाऱ्या सात बायका जुन्या वाकळा, म्हणजे गोधड्या, समोर पसरून हुबेहूब तशा नव्या शिवायच्या. तोच धावदोरा, तेवढेच थर, त्याच चौकटी, आणि मशीनला बंदी. ज्या घरांत आज्जीच्या वाकळेवर कुत्री झोपून गेली, त्याच घरांतली नातवंडं आता ऋतिकाकडं नाव नोंदवून सहा-सहा महिने वाट बघत होती.

रविवारी प्रदर्शन होतं. एका काचपेटीत सदलग्याच्या यल्लव्वाच्या आज्जीनं शिवलेली शंभर वर्षांची वाकळ, शेजारच्या पेटीत तिची वाकळघरानं केलेली नक्कल. मूळ वाकळ यल्लव्वानं दिवाळीत विश्वासानं आणून दिली होती. पेटीला काच लागण्याआधी एकदा हात लावून जा म्हणून गुरुवारी तिला बोलावलं होतं.

यल्लव्वा अठ्ठ्याहत्तर वर्षांची. डोळ्यांत सावल्या तेवढ्या उरलेल्या. तिनं दोन्ही तळवे वाकळेवर ठेवले, काठापासून फिरवत फिरवत मधल्या चौकापर्यंत नेले, तिथं जरा दाबून पाहिलं आणि भलत्याच माणसाच्या गालाला हात लागावा तसे चटकन मागं घेतले.

“ही माझी न्हाय.”

“आज्जी,” नातू विक्रम म्हणाला. तो बेळगावात बँकेत होता आणि आजच्यासाठी त्यानं अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. “तुला दिसत नाही गं.”

“डोळ्यांला दिसत न्हाय. हातांला दिसतंय.”

ऋतिकानं वाकळेचा काठ सरळ केला. शिवणाऱ्या बायकांतली सगळ्यांत तयार हाताची मंगल पुढं आली, वाकळेकडं बघितलं आणि हळूच म्हणाली, “आज्जी, हीच व्हती की. मी तीन म्हयनं हिच्यासमोर बसलेय.”

विक्रमनं सुस्कारा सोडला. त्यात दुःख होतं आणि थोडी सुटकाही होती. आज्जीनं सदलग्यात एकटीनं राहू नये, बेळगावच्या तिसऱ्या मजल्यावर यावं म्हणून तो दोन वर्षं मागं लागला होता. शेवटी पाडव्याला तिनंच अट घातली होती: ज्या दिवशी मला माझी वस्तू वळकायची न्हाय, त्या दिवशी ने.

“रविवारी प्रदर्शन झालं की गाडी आणतो,” विक्रम म्हणाला. “सामान बांधून ठेव.”

२

बुद्धप्रियला निवृत्तीनंतर फक्त दुपारी झोपायचं होतं. एवढी एकच महत्त्वाकांक्षा, तीही पाच वर्षांत पुरी झालेली नव्हती.

चौतीस वर्षं तो चिकोडीच्या कोर्टात नक्कल विभागात होता. मूळ कागद डावीकडं, नक्कल उजवीकडं, दोन्हींवरून एकदम बोट फिरवायचं आणि खाली शिक्का: खरी नक्कल. त्यामुळं गावात असा समज पसरला होता की खरं-खोटं कळणारा माणूस म्हणजे बुद्धप्रिय. मग भावाभावांचं भांडण असो की दुधात पाणी असो, लोक दुपारी दोन वाजता कडी वाजवायचे.

गुरुवारी कडी वाजली ती दोन वाजून दहा मिनिटांनी. दारात वाकळघराचा टेम्पोवाला कृष्णात, त्याच्या खांद्याला धरून यल्लव्वा.

“झोपला व्हतास व्हय?” यल्लव्वानं विचारलं.

“झोपणार होतो.”

“मग बरं झालं. उठवाय नगं.”

तिनं सगळं सांगितलं. बुद्धप्रिय डोळे मिटून ऐकत होता, ते ऐकण्यासाठी की झोपेसाठी हे कृष्णातला कळेना.

“आक्का, सगळे म्हणतात तीच आहे. तुम्हाला नाही कशावरून वाटतं?”

“वाटत न्हाय. ठावं हाय.”

“कशावरून?”

यल्लव्वानं तोंड फिरवलं. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. “ते मी सांगायची न्हाय. लाजंची गोष्ट हाय.”

“न सांगता कसं सोडवू?”

“तू माझ्या जागंची नक्कल दिलतीस, तवा मी काय सांगितलं व्हतं तुला? कायबी न्हाय. तरी जागा ऱ्हायली न्हवं?” ती उठली. “आयतवारी तो मला तिसऱ्या मजल्यावर न्हेऊन ठेवणार. तितं मातीला पाय लागायचा न्हाय बुद्धप्रिय. माझं शब्द खोटं ठरलं तर जाईन मी. पर खरं आसून खोटं ठरलं, तर?”

बुद्धप्रियनं उशीकडं एकदा पाहिलं आणि चप्पल शोधायला लागला.

३

टेम्पोत बसल्याबसल्या त्यानं पहिली चौकशी उरकली.

“किल्ल्या कुणाकडं असतात?”

“एक मॅडमकडं, एक माज्याकडं,” कृष्णात म्हणाला. “आता म्हणशीला, कृष्णातनंच वाकळ बदलली. पर अण्णा, मला त्यातलं काय कळतंय? मला सगळ्या वाकळा सारख्याच दिसत्यात. थंडीत ऊब लागली की झालं.”

“वाकळघरातून काय-काय नेतोस, आणतोस?”

“कापडं, दोरं, पावणं. माणसांची कामं येगळी, ती फुकट.” त्याचा आवाज दुखावलेला होता. “गेल्या म्हयन्यात बेळगुंदीला गेलतो. मॅडमच्या आईनं रताळ्याचं पोतं दिलं. मी आपला टेम्पो काढून इतक्या लांब गेलो, आलो. एक रताळं म्हणून दिलं न्हाय कुणी! पोतंबी कसलं, एका हातानं उचलंल असं. रताळी हैत का कापूस, म्हटलं.”

“मॅडमना विचारलं नाहीस?”

“विचारलं की. म्हणाल्या, किडकी निघाली, टाकली. बेळगुंदीची रताळी किडकी! आईकलंय का कधी?”

बुद्धप्रियनं ऐकलं नव्हतं. पण त्याच्या डोळ्यांवर झापड होती आणि रताळ्यांशी त्याचं काही वाकडं नव्हतं.

वखारीत मंगल एकटीच दोरा भरत बसली होती. सगळ्यांचा संशय आपल्यावर आहे हे तिला ठाऊक होतं. हुबेहूब नक्कल करणारा हात निपाणीत तिच्याइतका दुसऱ्या कुणाचा नव्हता, आणि असं कौतुक चौकशीच्या वेळी फार जड जातं.

“इचारा काय इचारायचं,” ती सुई न थांबवता म्हणाली. “मीच शिवली असंल दुसरी, असंच न्हवं? कधी शिवू? सकाळी सातला येते, संध्याकाळी जाते, घरी गेल्यावर भाकरी. बोटं बगा. ह्या बोटांनी रात्री ताट उचलत न्हाय.”

बुद्धप्रियनं बोटं पाहिली. ती खरं बोलत होती.

“आक्का म्हणते, ही तिची नाही.”

मंगलची सुई थांबली. “मला हीच वाटली. पर...” तिनं इकडंतिकडं पाहिलं. “टाकं लई गप्प हैत.”

“म्हणजे?”

“आज्जीच्या आज्जीचं टाकं कुटं लांब, कुटं तोकडं. दिव्याच्या उजेडात, पोराला मांडीवर घिऊन शिवल्यागत. आता तसंच हाय, पर मोजून लांब-तोकडं केल्यावानी वाटतंय. मी बोलले न्हाय. मी बोलले असते तर म्हणाले असते, चोराला बरं ठावं!”

४

ऋतिका ऑफिसात बसली होती. तीस-एकतीसची असेल, पण डोळ्यांखाली अशी काळी वर्तुळं की बुद्धप्रियला एकदम आपलं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

“झोप होत नाही वाटतं?”

“प्रदर्शन आहे ना, सर. बंगळुराहून लोक येणार.” तिनं हसायचा प्रयत्न केला. “आज्जींचं वाईट वाटतं. पण वय आहे.”

“दोन्ही वाकळा शेजारी-शेजारी बघता येतील?”

दोन्ही टेबलावर पसरल्या. एक झळझळीत, एक विटलेली. इरकलीचे तुकडे, खणाचे तुकडे, धोतराचं मऊ अस्तर. बुद्धप्रियनं डावा हात एकीवर ठेवला, उजवा दुसरीवर, आणि जन्मभर कागदांवरून फिरवली तशी दोन्हींवरून एकदम बोटं फिरवली. काठापासून आत, फेऱ्या घेत घेत. सगळं जुळत होतं. मधल्या चौकाला मात्र हात अडला.

विटलेल्या वाकळेच्या बरोबर मध्यभागी, अस्तराखाली, काहीतरी मुठीएवढं होतं. नव्या वाकळेत तिथं काहीच नव्हतं.

“हे काय?”

“पोट,” मंगल म्हणाली. “वाकळ काठाकडनं शिवत आत यायची. शेवटी मधी हाताएवढी जागा ऱ्हाती. तितं मूठभर धान्य घालायचं आन मग तोंड शिवायचं. वाकळंचं पोट रिकामं ठिऊ नये. उपाशी वाकळंवर निजल्याला माणूस रातभर कूस बदलत ऱ्हातो.”

“मग ह्या नव्या वाकळेचं पोट?”

“मॅडमनी घालू दिलं न्हाय. जुनीला तर हातबी लावू देत न्हाईत, लांबनंच बगून शिवायची.”

“कीड लागते, सर,” ऋतिका पटकन म्हणाली. “प्रदर्शनात चालत नाही. बाकी सगळं पारंपरिक, एवढं सोडून. इथल्या एकाही नकलेत धान्य नाही, हे सगळ्या बायका सांगतील.”

विक्रम दारात येऊन उभा राहिला होता. बँकेतल्या माणसाला बेरीज लवकर होते. “मग झालंच की, काका. नकलांत धान्य नाही आणि हिच्यात आहे. म्हणजे हीच मूळ.”

ते बिनतोड होतं. यल्लव्वाची बाजू घ्यायला आलेल्या बुद्धप्रियनं अर्ध्या तासात तिच्याविरुद्धचा पक्का पुरावा शोधून काढला होता.

कोपऱ्यातल्या स्टुलावरून यल्लव्वाचा आवाज आला. “हिच्या पोटात धान्य हाय?”

“हाय आज्जी,” मंगल म्हणाली.

“मग उसवा,” यल्लव्वा म्हणाली. “आन मी सांगते ती लाजंची गोष्ट.”

५

“मी सात-आठ वर्षांची आसंन,” यल्लव्वा म्हणाली. “त्या साली जोंधळं करपून गेलं. घरात दोन दिस चूल न्हवती. आज्जीनं मला सांगितल्यालं, वाकळंच्या पोटात जोंधळं हैत म्हणून. मी रातीला दातानं दोरा तोडला आन सगळं खाल्लं. कच्चंच. जुनं, कडू, निम्मं पीठ झाल्यालं. वाकळंच्या तोंडचा घास मी खाल्ला.”

सत्तर वर्षांनंतरही ती हे सांगताना खाली बघत होती.

“सकाळी आज्जीला कळलं. मला वाटलं, मारणार. मारलं न्हाय. नुसतं तोंड शिवून टाकलं, परत काय बी न घालता. म्हणाली, ज्याचं पोट भरायचं व्हतं त्याचं भरलं. तवापासनं माझी वाकळ उपाशी हाय. म्हणून हात लावल्या लावल्या मला कळलं.”

विक्रम दारातून आत आला आणि तिच्याशेजारी उभा राहिला.

“आज्जी,” विक्रम म्हणाला, पण आता त्याचा आवाज मऊ होता, “हे तुलाच ठाऊक. कुणाला पटायचं?”

“धान्याला विचारू,” बुद्धप्रिय म्हणाला.

ऋतिका खुर्चीवरून अर्धवट उठली. “जुना कपडा आहे, सर. उसवला तर फाटेल.”

“फाटला तर जुना,” बुद्धप्रिय म्हणाला. “मंगल, उसवा.”

मंगलनं सुईच्या टोकानं मधल्या चौकाचे टाके एकेक करून काढले. कपडा फाटला नाही. तिनं दोन बोटं आत घातली आणि तळहात उघडला.

तांदूळ. पांढरा, सडसडीत, कालच निवडून घातल्यासारखा.

“शंभर वर्षांच्या धान्याची एव्हाना भुकटी झालेली असते,” बुद्धप्रिय म्हणाला. “हे तर आज शिजेल.”

सगळे मंगलकडं बघायला लागले. तिचा चेहरा उतरला, मग एकदम लाल झाला. “माज्याकडं काय बगताय? सदलगा, निपाणी, चिकोडी, आमच्यात जोंधळा घालत्यात! तांदूळ आमच्याकडं सणाला. वाकळंला तांदूळ घालायची ऐपत कुणाच्या बाची व्हती?”

“मग तांदूळ कोण घालतं?” बुद्धप्रियनं विचारलं. उत्तर त्याला माहीत होतं, पण कोर्टात राहून एक सवय लागते. उत्तर दुसऱ्याच्या तोंडून आलेलं बरं.

“जितं पिकतो तितं,” मंगल म्हणाली. “बेळगावच्या पल्याड. खानापूरकडं, बेळगुंदीकडं...”

बोलता बोलता तिची नजर ऋतिकाकडं गेली.

बुद्धप्रिय दमून खुर्चीत बसला. “आमच्या विभागात एक कारकून होता. अक्षर असं की मूळ कोणतं आणि नक्कल कोणती हे सांगता येऊ नये. पण कागद संपला की खाली एक आडवी रेघ मारल्याशिवाय त्याला राहवायचं नाही. मूळ कागदावर रेघ नसली तरी. माणूस नक्कल डोळ्यांनी करतो, पण शेवट सवयीनं करतो.” त्यानं मान वळवली. “कृष्णात, रताळ्याचं पोतं कसं होतं म्हणालास?”

“हलकं,” कृष्णात म्हणाला. त्याला अजून राग होता. “कापसागत.”

“मॅडम, आईंना फोन लावता? स्पीकरवर. एकच गोष्ट विचारा.”

ऋतिकानं फोन हातात घेतला. लावला नाही. मग लावला.

“काय गं, जेवलीस का न्हाय?” तिच्या आईचा, जयाबाईंचा आवाज वखारभर घुमला.

“आई... त्या वाकळेत तू तांदूळ घातलास?”

पलीकडं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग अपराधी पण ठाम आवाज: “तू नगं म्हणालतीस, ठावं हाय मला. चहाच्या पाण्यात बुडव म्हणालीस, बुडवली. टाकं वाकडं घाल म्हणालीस, घातलं. सगळं आईकलं. पर घरातनं वाकळ उपाशी कशी गं घालवू? एकच मूठ घातली. कुणाला कळतंय तेवढ्यानं?”

६

मूळ वाकळ ऋतिकाच्या कपाटात होती. एका चादरीत बांधलेले सुटे तुकडे.

“विकायची नव्हती, सर,” ती म्हणाली. ती रडत नव्हती. रडणं तिनं बहुधा तीन महिन्यांत संपवलं होतं. “बंगळुरच्या लोकांनी विचारलं, आत किती थर, कुठले कपडे, नकाशा काढून द्या. म्हटलं, हातभर उसवून बघू. एक टाका काढला. दोरा इतका कुजलेला होता की पुढचे आपोआप सुटले. कपडा हातातच विरला. मग फोटोंवरून आईकडून ही शिवून घेतली. त्या दिवसापासून मला झोप नाही.”

“वाकळ विरली, ते समजण्यासारखं आहे,” बुद्धप्रिय म्हणाला. त्यानं आवाज चढवला नाही. चढवण्याइतकी शक्तीच नव्हती. “जुन्या वस्तूला कधीतरी विरायचंच असतं. पण आक्का खरं बोलत होती आणि तुम्ही तिला वयावर ढकललंत. मंगलकडं बोटं वळली तेव्हाही गप्प बसलात. वाकळेची नक्कल उत्तम झाली; ही खऱ्याची नक्कल मात्र वाईट निघाली, मॅडम.”

ऋतिकानं मंगलकडं पाहिलं. मंगलनं तिच्याकडं पाहिलं नाही.

यल्लव्वा मांडीवर ते गाठोडं घेऊन तुकडे चाचपत होती. हे इरकलीचं, हे आज्ज्याच्या धोतराचं, हे बाळंतिणीच्या लुगड्याचं. विक्रम तिच्या पायाशी फरशीवर बसला होता. बँकेचा माणूस फरशीवर बसला म्हणजे हिशेब चुकल्याचं त्यानं मान्य केलं असं धरायला हरकत नव्हती.

“आज्जी, माझं चुकलं,” तो म्हणाला.

“तुजं न्हाय रं चुकलं. तुला तिसरा मजला हाय, त्येला कोण काय करणार?” मग तिनं मान वर केली. “पोरी, ऋतिका. माझ्या आज्जीच्या वाकळंत आत काय निगालं?”

“कपडे. आणि...” ऋतिका अडखळली. “आत आणखी एक वाकळ होती. तिच्याहून जुनी. चिंध्या झालेली.”

“मग? वाकळ अशीच आसती बाई! जुनी विरली की नव्या वाकळंच्या आत घालायची. तिला काचंत कोण ठेवतंय?” यल्लव्वानं गाठोडं टेबलाकडं सरकवलं. “तुज्या आईनं चांगली शिवलीया. ही उसवा, माझी आत घाला, परत शिवा. तू शीव. मंगल शेजारी बसंल, आन चुकलं की हातावर मारंल.”

“मारंन,” मंगल म्हणाली. त्या दिवसातलं तिचं पहिलंच हसू होतं.

रविवारी बंगळुरचे लोक आले. एक काचपेटी रिकामी होती, आणि तिच्यासमोर संस्थेची संचालिका फरशीवर बसून, बोटांना फडकी गुंडाळून, वाकडे टाके घालत होती. पाहुण्यांना हा प्रयोग फार आवडला. त्यांनी भरपूर फोटो काढले आणि रिकाम्या पेटीचा अर्थ काय, यावर एकमेकांत बराच वेळ चर्चा केली. मंगलनं त्यांच्यादेखत ऋतिकाच्या हातावर दोनदा मारलं. तेही त्यांना आवडलं.

दुपारी फेऱ्या आत आत येऊन हाताएवढी जागा उरली. यल्लव्वानं ओच्यातून मूठभर जोंधळे काढले. जयाबाई बेळगुंदीहून रताळ्यांचं खरं पोतं घेऊन आल्या होत्या. त्यांनी वरून चार दाणे तांदूळ टाकले. कृष्णातच्या खांद्यावर पोतं टेकताच तो वाकला आणि समाधानानं “आत्ता कसं!” म्हणाला.

तोंड शिवून झालं. यल्लव्वानं तळवे ठेवले, काठापासून फिरवत मधल्या चौकापर्यंत नेले, दाबून पाहिलं.

“आज्जी?” विक्रमनं विचारलं. गाडीची किल्ली त्याच्या हातात होती.

“ही माझी.”

“मग सदलग्याला सोडतो,” विक्रम म्हणाला. “दर शनिवारी येईन.”

“ये. रिकाम्या पोटी ये, उपाशी जाऊ देणार न्हाय.”

वाकळ न्यायला सगळे उठले, तर ती उचलता येईना. बुद्धप्रिय कुठं दोरा तुटलाय का ते बघायच्या निमित्तानं तिच्या काठावर टेकला होता आणि केव्हाच कलंडला होता. पाहुण्यांतल्या एकानं त्याचाही फोटो काढला. कृष्णात त्याला हलवायला वाकला, पण यल्लव्वानं त्याचा हात धरला.

“निजू दे रं,” ती म्हणाली. “पोट भरल्यालं हाय तिचं.”

सदलग्याची गाडी दोन तास उशिरा सुटली.